ट्रायलची खिडकी

मामाजींनी केकवरचा धागा चिमटीत धरून अलगद उचलला, दाराशी जाऊन उजेडात धरला आणि दोन्ही अंगठ्यांच्या नखांत पकडून ताणून पाहिला.

"लांब धागा हाय," ते म्हणाले. "एक नंबर रुई."

"मामाजी, तो केक आहे!" मी ओरडलेच. "कापसाची गंजी नाही!"

आमच्या वणीकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते आणि सासूला आत्याबाई. सासऱ्यावर ओरडायची पद्धत मात्र आमच्याकडेही नाही. पण त्या दिवशी माझं डोकंच फिरलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या मुलाचा वाढदिवस, पांढऱ्याशुभ्र क्रीमवर मी सकाळपासून खपून निळं विमान काढलेलं, आणि न्यायला आलेल्या बाईंनी डबा उघडून बघितला अन् तिथेच ठेवून दिला. "ताई, याच्यावर केस आहेत," म्हणाल्या. केस कुठले हो! रुई होती ती. आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे जिनिंग आहे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की कापसातून सरकी वेगळी करायची तिथली यंत्रं धडधडू लागतात, आणि होळीपर्यंत हवेत रुई उडत राहते. दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीवर, निवडलेल्या डाळीत, कुठेही बसते. आणि ओल्या क्रीमवर तर अशी चिकटते की सुईनं काढू म्हटलं तरी निघत नाही.

"खिडकी लावून घ्यायची ना मग," मामाजी म्हणाले.

"लावलेलीच आहे. बघा तुम्ही!"

खिडकी खरंच लावलेली होती. सागवानी पल्ले, लोखंडी गज, मामाजींनी घर बांधलं तेव्हाचे. पण इतक्या उन्हाळ्या-पावसाळ्यांत लाकूड असं आटलं होतं की दोन पल्ल्यांच्या मधून माझी करंगळी आरपार जायची. मी त्या फटीत पेपर कोंबले होते, वरून चिकटपट्टी लावली होती. रुई तरीही येत होती.

"घरात नुसता कचरा येऊन राहिला," मी म्हटलं, आणि जीभ चावली.

"कचरा म्हणू नको," मामाजी म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण आत्याबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. "याच रुईवर हे घर उभं झालं."

ते खोटं नव्हतं. मामाजी कापसाचे ग्रेडर होते. शेतकऱ्याची गाडी आली की कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर बाहेर काढून बघायचा आणि प्रत सांगायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांच्या शब्दावर भाव ठरायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी हात अजून शिवशिवत असावेत. नाहीतर सुनेच्या वाया गेलेल्या केकवरची रुई कोण ताणून बघतं?

पण मीही काही कमी नव्हते. चंद्रपूरला माहेरी असताना मी केक शिकले होते, लग्नात वडिलांकडून संसाराची भांडी न घेता ओव्हन घेतला होता. आणि ऐन सगाया-वाढदिवसांच्या हंगामात, दिवाळीपासून होळीपर्यंत, माझा ओव्हन झाकून ठेवावा लागायचा. हे कुठवर चालायचं?

"खिडक्या बदलू," मी म्हटलं. "सगळ्याच्या सगळ्या. ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग. काठाला रबर असते. रुई नाही, धूळ नाही, काही नाही."

"ते सागवान हाय."

"सागवानाला फटी आहेत, मामाजी!"

फॅब्रिकेशनवाला येऊन मापं घेऊन गेला. त्यानं सगळ्या घराचा आकडा सांगितला तेव्हा आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "ना बाप्पा! इतक्या पैशात तर आंगणात बोअर होते," त्या म्हणाल्या. माझा नवरा प्रफुल्ल खाणीतल्या ड्यूटीवरून नुकताच आला होता. तो बुटांची लेस सोडता सोडता म्हणाला, "तू आणि बाबा पाहून घ्या. मला मध्ये घेऊ नका." असा आधार!

मामाजी कोणतीही वस्तू ट्रायल घेतल्याशिवाय घेत नसत. मिक्सर घेतला तो दुकानदाराकडून आधी आठवडाभर वापरायला आणून. पंखा घेतला तो दुकानातच तासभर चालवून. माझ्या लग्नाआधी ते आमच्या घरी काही ना काही निमित्त काढून तीन-चारदा जेवायला आले होते. ती माझी ट्रायल होती, हे मला आत्याबाईंनी मागाहून सांगितलं.

"एक बसवू," मामाजी दोन दिवसांनी म्हणाले. "हॉलची. मे महिना संपायच्या आत मी सांगतो, पैसे वसूल का नाई ते. पास झाली तर सगळ्या बदलू, आणि हॉल तुले दिला. तिथंच कर तुझं ते केकचं."

"आणि नापास झाली तर?"

"तर हॉल त्या बावण्याले भाड्यानं देतो. कधीचा मांगे लागला हाय. तू आपली स्वयंपाकघरात."

बावणे म्हणजे विम्याचा एजंट. आमचा हॉल रस्त्यावर उघडतो म्हणून त्याला तिथे ऑफिस टाकायचं होतं. आणि स्वयंपाकघर म्हणजे काय, तर एका बाजूला फोडणी, एका बाजूला माझं क्रीम. व्हॅनिला केकला लसणाचा वास आला की गिऱ्हाईक परत येते का?

"मंजूर!" मी म्हटलं. प्रफुल्लकडे बघितलंसुद्धा नाही.

जानेवारीतच खिडकी बसली, आणि काय सांगू, चमत्कारच झाला! मामाजींनी पहिल्याच दिवशी टेबलावर काळी छत्री उघडून ठेवली, दिवसभर तिथेच. संध्याकाळी चष्मा लावून वाकून वाकून बघितली. एक धागा नाही! "हं," एवढंच म्हणाले. मी मात्र हॉलमध्ये टेबल मांडलं, त्यावर पांढरा ऑइलक्लॉथ घातला, आणि संक्रांतीपासून ऑर्डरी घ्यायला लागले. समोर जिनिंग धडधडत होती, बाहेर रुई उडत होती, आणि आत माझ्या क्रीमवर गुलाबाच्या पाकळ्या चढत होत्या. मी गाणी म्हणत काम करायची. दर रविवारी काचा धुवायला काढायची, पल्ला वर उचलून खालून ओढला की येतो हातात, आणि चकचकीत करून परत बसवायची. खिडकी पास होणार याबद्दल माझ्या मनात शंकाच उरली नव्हती.

आणि मग पाडवा आला.

पाडवा झाला की आमच्याकडे कूलर निघतो. सगळ्या विदर्भात निघतो. अडगळीतून बाहेर काढायचा, धुवायचा, वाळ्याच्या नव्या ताट्या लावायच्या, आणि चाकांच्या स्टँडवर चढवून खिडकीशी बाहेरून भिडवायचा. आमचा कूलर गावातच बनवून घेतलेला, कपाटाएवढा, लोखंडी. तोंड असं की पूर्ण खिडकी त्यालाच लागायची. मामाजींनी आणि प्रफुल्लनं तो ढकलत ढकलत नेहमीप्रमाणे हॉलच्या खिडकीशी आणला, आणि दोघंही तिथेच थांबले.

स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते. काच इकडे सरकवा नाहीतर तिकडे सरकवा, अर्धी जागा काच अडवणारच. कूलरचं अर्धं तोंड खिडकीत आणि अर्धं काचेवर!

मी आतून बघत होते, ते बाहेरून बघत होते. मामाजींचा जन्म इथला, प्रफुल्लचा इथला, आत्याबाईंचं माहेर जवळच्याच गावचं, माझं चंद्रपूर तर भट्टीच. आणि आमच्यापैकी एकालाही जानेवारीत कूलर आठवला नाही! स्वेटर घालून खिडकी मोजली की असंच होणार.

मामाजी चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले. "चला," म्हणाले, "आमच्या खोलीले न्या." त्यांच्या खोलीची खिडकी घराच्या बाजूच्या बोळीत उघडायची. जुने सागवानी पल्ले दोन्हीकडे सताड उघडले, कूलर तिथे असा बसला की जणू त्याच्यासाठीच खिडकी केली होती. तेव्हापासून रोज दुपारी मला ऐकवून आत्याबाईंना म्हणायचे, "काय हवा येते वं या खिडकीतून!"

बावणे आता वरचेवर चहाला यायला लागला. बसल्या बसल्या माझ्या हॉलच्या भिंती न्याहाळायचा. "इथं कपाट, इथं टेबल," असं बोटानं हवेत मांडायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अशात एप्रिलच्या शेवटी लुणावत भाभी आल्या. समोरची जिनिंग त्यांचीच. रुई पाठवणारेच ऑर्डर घेऊन आले म्हणा ना!

"बेटा, आमच्या श्वेताचं साक्षगंध आहे," त्या म्हणाल्या. साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. "तीन मजली केक पाहिजे. अंडं बिलकुल नको. मुलाकडचे अमरावतीचे आहेत, मोठी माणसं आहेत. नाक राखशील ना?"

"राखते, भाभी!" मी म्हटलं. त्या गेल्यावर मी आत्याबाईंचे हात धरून हॉलमध्ये गरगर फिरले. तीन मजली! वणीत कोणी बघितला होता तीन मजली केक? हा एक केक जमला असता तर अख्खं गाव माझ्या दाराशी आलं असतं.

साक्षगंधाच्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या वर. मी आदल्या दिवशीच तिन्ही केक भाजून, क्रीम लावून आमच्या आणि शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवले होते. दुपारी हॉलमध्ये एकावर एक चढवले, आतून काड्यांचा आधार दिला, आणि गुलाब काढायला घेतले. मामाजी खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. बावणेही टपकला होता.

"काकाजी, महिना संपत आला," तो म्हणाला. "मग काय ठरलं?"

"पाहू ना," मामाजी पेपरातूनच म्हणाले.

मी तिकडे लक्ष दिलं नाही. पण काचांवर ऊन आलं, आणि हॉल तापायला लागला. जुने पल्ले लावले की निदान अंधार तरी व्हायचा. काचेतून ऊन थेट टेबलापर्यंत आलं. पडदा ओढला, तरी काच आतून हाताला चटका देत होती. वर पंखा गरम हवा ढवळत होता. आणि माझ्या डोळ्यांदेखत वरच्या थरावरचा गुलाब हळूच खाली सरकला.

"आत्याबाई, बर्फ आणा! असेल नसेल तेवढा!"

आत्याबाई ट्रे घेऊन धावल्या. परातीत बर्फ घालून केकच्या भोवती ठेवला. त्याचं पाणी व्हायला किती वेळ लागतो? दुसरा गुलाब सरकला. मधल्या थराची कड चमकायला लागली, म्हणजे क्रीम सुटायला लागलं.

"आमच्या खोलीत ने," मामाजी पेपर खाली ठेवत म्हणाले. "तिथं कूलर चालू हाय."

"हलवला तर कोसळेल, मामाजी. आत्ता हात लावायची सोय नाही."

"मंग?"

मंग काय ते मला कळलं होतं. केक कूलरकडे जाऊ शकत नव्हता, म्हणजे कूलर केककडे यायला पाहिजे होता. आणि कूलर यायचा तर काचा निघायला पाहिजे होत्या. सगळ्या. ज्या काचांसाठी मी सासऱ्याशी भांडले, ज्यांच्यावर माझा हॉल टांगलेला होता, त्या मी माझ्या हातानं परीक्षकासमोर काढून ठेवायच्या, आणि तेही भाडेकरू बघत असताना! खिडकी नापास म्हणून मी स्वतःच सही केल्यासारखं झालं असतं. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता, कोणावर ते कळत नव्हतं.

तिसरा गुलाब सरकला.

मी ओढणी कमरेला बांधली, पडदा फर्रकन बाजूला केला आणि स्टुलावर चढले.

"काय करून राहिली वं?" मामाजी उभे राहिले.

"खिडकी काढून राहिली!"

पल्ला वर उचलला, खालून ओढला. ॲल्युमिनियम असं तापलेलं की बोटं भाजली, तरी सोडलं नाही.

"घ्या!" बावणे हसला. "काकाजी, हा तर फैसलाच झाला."

"भाऊ, हसू नका, धरा हे!" मी तो पल्ला सरळ त्याच्या हातात दिला.

"अरे अरे अरे! गरम हाय, वहिनी!"

"मग काय थंड राहील? भिंतीशी ठेवा आणि दुसरा घ्यायला या!"

दुसरा पल्ला काढून वळून बघते तर मामाजींची खुर्ची रिकामी. रागावून निघून गेले, मला वाटलं. सासऱ्यासमोर असा तमाशा केला, पाहुण्याला कामाला लावलं, आता काही खरं नाही.

तेवढ्यात बोळीतून घर्र घर्र आवाज आला. चाकांचा. मी मोकळ्या खिडकीच्या गजांतून बघितलं. मामाजी! धोतराचा काचा मारून, भर उन्हात, एकटे कूलर ढकलत होते. टाकीतलं पाणी दोन्ही बाजूंनी हिंदकळत होतं, त्यांचे पाय भिजले होते.

"पाहून काय राहिली? वायर घे आतमधी!" ते ओरडले. "अन् त्या बावण्याले पाठव बाहेर, एकट्याच्यानं वळत नाई!"

बावणे पळाला. दोघांनी मिळून कूलर कोपऱ्यावरून वळवला आणि गजांना भिडवला. पूर्ण तोंड पूर्ण खिडकीत! आत्याबाईंनी प्लग लावला. पंखा घरघरला, आणि पहिल्या झोताबरोबर पाण्याचे शिंतोडे उडाले.

"केक!" मी किंचाळले.

मामाजी तोवर आत आले होते. ते केक आणि कूलरच्या मध्ये जाऊन पाठ करून उभे राहिले, हात फैलावून. सगळे शिंतोडे त्यांच्या पाठीवर. "सुरवातीले उडतेच," ते म्हणाले. "थांबते जरा वेळानं. तू तुझं काम कर."

शिंतोडे थांबले तसे ते बाजूला झाले. थंडगार हवा आली, वाळ्याच्या वासाची. मी अर्धवट मिटल्या डोळ्यांनी उभी राहिले, मग भानावर आले आणि सुरीनं सरकलेले गुलाब काढून टाकले, कड सारखी केली. भांडं बर्फात ठेवून नवं क्रीम फेटलं. ते सुरीवर ताठ उभं राहिलं! मी पुन्हा पाकळ्या काढायला घेतल्या. बावणे प्रत्येक पाकळी चढली की मान डोलवत होता.

लुणावतांची गाडी दाराशी आली तेव्हा शेवटच्या थरावर शेवटचा गुलाब बसला होता. भाभी जरीच्या साडीत आत आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं बाई!" त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "बेटा, हे तू केलं? इथे?"

तीन माणसांनी फळीसकट केक उचलून एसी गाडीत ठेवला. मी रस्त्यापर्यंत मागे मागे गेले. गाडी वळली तरी तिथेच उभी होते. मला नाचावंसं वाटत होतं.

परत आले तर मामाजी त्या मोकळ्या खिडकीसमोर ओल्या सदऱ्यातच उभे होते. भिंतीशी काचा टेकवलेल्या. बावणे रुमालानं बोटं पुसत होता.

"मग काकाजी," तो म्हणाला, "आता तर तुम्हीच पाहिलं. सामान कधी आणू?"

मामाजींनी चौकटीवरून हात फिरवला.

"नापास," ते म्हणाले. "थंडीत चांगली, उन्हाळ्यात बेकार. अर्ध्या सालाच्या खिडकीले पूर्ण पैसे कोण देते? बाकीच्या बदलत नाई मी. सागवानीच राहतीन."

मला हे ठाऊकच होतं. तरी ऐकल्यावर डोळे भरून आले. मी टेबलावरची भांडी गोळा करायला लागले, तोंड लपवता यावं म्हणून. नोझल, सुरी, रंगाच्या वाट्या. आता हे सगळं पुन्हा फोडणीच्या शेजारी.

"ते काहून उचलून राहिली?" मामाजी म्हणाले.

"ठरलं होतं ना. खिडकी नापास तर हॉल..."

"खिडकी नापास. मी कुठी म्हटलं माल नापास?" ते माझ्याकडे वळले. "म्या जिंदगीभर कापूस पाहून प्रत सांगितली. बैलगाडी पाहून नाई सांगितली. ठेव ते खाली."

मी वाट्या होत्या तिथे ठेवल्या. आत्याबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या की रडत होत्या, कोण जाणे. माझं तर दोन्ही एकदमच चाललं होतं.

बावण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "म्हणजे काकाजी, माझं ऑफिस?"

"इथं दुकान हाय ना बापा आता. पाहिलं नाई का तू? दुसरीकडे पाह्य जागा." मामाजींनी खुर्ची ओढून त्याला बसायला दिली. "तुझ्या बहिणीचं लग्न जमून राहिलं म्हणे? साक्षगंधाले केक लागते का नाई?"

"लागते तर," बावणे केक गेला त्या दाराकडे बघत म्हणाला. "असाच. तीन मजली. केवढ्याले पडते, काकाजी?"

"मले काय विचारतं?" मामाजी म्हणाले. "भाव सूनबाई सांगन."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी डोळे पुसले, हात पुसले आणि भाव सांगितला. चढाच सांगितला.